सुकलेल्यांच्या स्थानावर

माझे पती सोमवारी गेले. सोमवारी संग्रहालय बंद असतं. मंगळवारी संग्रहालयाच्या कार्यालयातून फोन आला आणि किल्ली मागितली.

फोन करणाऱ्या कारकुनाने आधी "बहुत दुख हुआ, मॅडम" म्हटलं, मग थोडा थांबला आणि मग "चाबी" म्हणाला. मधे जेवढं थांबायला हवं तेवढं तो थांबला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी सांगितलं, किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे आणि शर्ट दवाखान्यातून आणलेल्या पिशवीत आहे. तो म्हणाला, घाई काहीच नाही. आणि माणूस किती वाजता पाठवू, असं विचारलं.

ती किल्ली एका खोलीची होती. भिलाईत एका संस्थेची शाळा आहे, वाचनालय आहे, एक बाग आहे आणि दुमजली संग्रहालय आहे. संग्रहालयात खाली लोखंडाच्या दगडांचे नमुने आणि भट्टीचा कापलेला नमुना. भट्टीच्या पोटात लाल दिवा आहे. शाळेच्या सहली येतात, दिवा लागतो, मुलं "ओ" म्हणतात आणि सहल संपते. वरच्या मजल्यावर "वनस्पति कक्ष" आहे. तिथे दाबून वाळवलेल्या, जाड कागदावर शिवलेल्या वनस्पती लोखंडी कपाटांत ठेवलेल्या होत्या. वर जे कोणी येत, ते बहुतेक मुतारी शोधत येत. माझे पती त्यांना जिना दाखवत. कुणी चुकून दारात रेंगाळलाच तर एखादं कपाट उघडून दाखवत. निम्मे लोक डांबरगोळ्यांच्या वासानेच परत फिरत.

त्या वासाचं मला काही वाटेनासं झालं होतं. आमच्या घरातले लोकरीचे कपडे, त्यांचे शर्ट, जेवणाचा डबा, सगळ्याला तो वास होता. लग्नाच्या सुरुवातीला मी एकदा म्हटलं होतं, की माणसाजवळ बसल्यासारखं वाटत नाही, ट्रंकेजवळ बसल्यासारखं वाटतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. उलट म्हणाले, "म्हणजे तुले कसर नाही लागणार."

हा संग्रह सुरू झाला तो कंटाळ्यातून. इथला पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा रशियन इंजिनियर इथे राहायला आले होते. त्यांतल्या एकाची बायको, तिला इथली भाषा येत नव्हती आणि करायला काम नव्हतं. ती सकाळी टोपी घालून निघायची, माळावर फिरायची, जे उगवलेलं दिसेल ते उपटायची आणि घरून आलेल्या रशियन वर्तमानपत्रांत दाबून ठेवायची. तिला वनस्पतिशास्त्र येत होतं की नाही, हे कुणाला माहीत नाही. मात्र कुठून काय उचललं ते ती प्रत्येक वेळी चिठ्ठीवर लिहायची. मायदेशी परतताना गठ्ठे विमानात नेता येईनात, म्हणून तिने ते शाळेच्या हेडमास्तरांना भेट दिले. हेडमास्तरांनी आभार मानले आणि गठ्ठे कपाटाच्या डोक्यावर ठेवले. ते तिथे बरीच वर्षं होते. पुढे शाळेतल्या जीवशास्त्राच्या एका शिक्षकाने पोरांकडून आणखी झाडं आणवली, ती हिंदी वर्तमानपत्रांत दाबली. उंदरांनी हिंदी वर्तमानपत्रं खाल्ली आणि रशियन सोडून दिली. का, याचा उलगडा माझ्या पतींना शेवटपर्यंत झाला नाही.

ते संस्थेत लागले ते भांडारात. माझे सासरे भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोपवून कारखान्यात आले होते. ह्यांनी गोंदियाला वनस्पतिशास्त्रात बी. एस्सी. केलं आणि भिलाईत येऊन ते झाडू, खडू आणि ट्यूबलाइटचा हिशेब ठेवायला लागले. छत्तीसगढ राज्य नवीन झालं, तेव्हा सगळ्यांनाच नवीन काहीतरी व्हावंसं वाटत होतं. संस्थेने संग्रहालयाला "कक्ष प्रभारी" हवा असं ठरवलं. लॅटिन नावं न चुकता लिहू शकणारा संस्थेत एकच माणूस होता. त्यांना कपाटांची किल्ली मिळाली. पगार तोच राहिला, खडूंचा हिशेब तेवढा सुटला.

मी त्याच संस्थेच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. दोघं एका फाटकातून आत जायचो. ते वर जायचे, मी डावीकडे वळायची.

वनस्पती टिकवणं हे काम बाहेरून पाहणाऱ्याला काही न करण्यासारखं दिसतं. झाड आणायचं, कागदात पसरायचं, वर फळी आणि वजन ठेवायचं, ओल शोषलेला कागद रोज बदलायचा. वाळलं की जाड कागदावर दोऱ्याने टाचायचं, उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. मग आयुष्यभर त्याला ओल, कसर आणि माणसं यांच्यापासून जपायचं. संग्रहालयात उन्हाची जागा नव्हती, म्हणून वाळवण्याचं काम आमच्या कोहक्याच्या घराच्या गच्चीवर चाले. तिथे माझ्या सासूबाईंचं वाळवणही असे. उन्हाळ्यात एका बाजूला शेवयांसारखे सरगुंडे, मुगवड्या, मिरच्या आणि दुसऱ्या बाजूला फळ्यांखाली दबलेली रानझाडं. सासूबाईंना ती मांडणी मान्य नव्हती.

"कावून रे बाबू, हे गवत कायले आणलं?"

"गवत नाही, माय. तरोटा आहे."

"तं मंग भाजी कर न. वाळवून काय करतं?"

"ठेवतो."

"खाणार नाही, इकणार नाही, नुसता ठेवतो," त्या मला म्हणाल्या. "याच्या बापानं असंच मले ठेवलं."

तरोटा म्हणजे कोवळा असताना भाजी करतात तो. पुण्याकडच्या पुस्तकात त्याला टाकळा म्हणतात आणि इथल्या बाजारात चरोटा. ते चिठ्ठीवर तिन्ही नावं लिहीत. जागा कमी पडली की लॅटिन नाव बारीक अक्षरात जाई.

गोष्टीला खरी सुरुवात झाली ती संस्थेत नवीन व्यवस्थापक आले तेव्हा. हे पहिले व्यवस्थापक. पुढे मी ज्यांच्याकडे गेले ते त्यांच्यानंतरचे. ह्या पहिल्यांना संस्थेच्या मालमत्तेत गोंधळ दिसला आणि त्यांनी एका दिवसात तो निस्तरला. लाकडाचं ते शाळेकडे, कागदाचं ते वाचनालयाकडे, लोखंडाचं ते संग्रहालयाकडे आणि झाडं उद्यान विभागाकडे. यात चूक काढायला जागा नव्हती. वनस्पति कक्ष उद्यान विभागात गेला.

उद्यान विभाग म्हणजे बागेचे सुपरवायजर आणि त्यांच्या हाताखालचे माळी. सुपरवायजर धमध्याकडचे, गुलाबाच्या कलमांत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवीन हद्द ताब्यात आल्यावर ते निरीक्षणाला वर आले. पतींनी आनंदाने पहिलं कपाट उघडलं. सुपरवायजरांनी एक कागद पाहिला, दुसरा पाहिला, तिसरं कपाटही उघडायला लावलं.

"जम्मो सुखा गे हे," ते म्हणाले. सगळीच सुकली आहेत.

"सुखाया है," पती म्हणाले.

"वही तो बोल रहा हूँ, बाबूजी."

मराठीत सुकणं वेगळं आणि वाळवणं वेगळं. सुकतं ते आपोआप, वाळवतो ते आपण. हा फरक समजावून सांगायला पतींनी पुष्कळ वेळ घेतला. सुपरवायजरांनी सगळं ऐकून घेतलं आणि खाली जाऊन अहवाल लिहिला: "निरीक्षण में सभी पौधे सूखे पाए गए। सिंचाई का अभाव प्रतीत होता है।"

पतींकडे खुलासा मागितला गेला. त्यांनी तो दिला. वनस्पती वाळवून ठेवण्याची पद्धत जगात किती जुनी आहे, तिचा उपयोग काय, पाणी घातलं तर काय होईल, हे सगळं त्यांनी सुबक हिंदीत लिहिलं. मी शुद्धलेखन तपासलं. संस्थेने तो खुलासा वाचला असावा, कारण उत्तर सौम्य होतं. कारवाई नाही. फक्त आदेश: "सूखे हुए पौधों के स्थान पर उसी जाति के नए पौधे लाए जाएँ।" बसचं भाडं संस्था देईल.

हा कागद त्यांनी जेवताना वाचून दाखवला. मला हसू आवरेना. त्यांनी तो पुन्हा वाचला आणि या वेळी "स्थान पर" या शब्दांवर थांबले.

"स्थानावर जा म्हणून राहिले," ते म्हणाले.

"अहो, 'के स्थान पर' म्हणजे ऐवजी. बदली. जन्म हिंदीत गेला तुमचा इथे."

"तुले हिंदीत समजलं. मले मराठीत समजलं. सुकलेल्या झाडाच्या स्थानावर जायचं आणि तिथूनच तेच झाड आणायचं. लेखी आहे."

"आणि कुणी विचारलं तर?"

"विदर्भातला माणूस आहो. चूक होऊ शकते."

सासूबाईंनी कढी वाढता वाढता विचारलं, "गवत आणायले आता सरकारी हुकूम निघाला का?"

"संस्थेचा, माय."

"मंग तं झालंच."

ही चूक ते पुढची सगळी वर्षं नेमाने करत राहिले. प्रत्येक जुन्या कागदावर जागा लिहिलेली होती. त्या जागी जायचं, त्याच हंगामात जायचं, तीच वनस्पती शोधायची, आणायची, वाळवायची आणि जुनीच्या शेजारी ठेवायची. जुनी काढून टाकायचा तर प्रश्नच नव्हता. रशियन बाईच्या चिठ्ठ्या वाचायला ते तिची लिपी शिकले. भाषा नाही, फक्त अक्षरं. एका रविवारी मला बोलावून त्यांनी एक शब्द बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचला. तो "अहिवारा" होता, इथून जवळच्या गावाचं नाव. त्यांना एवढा आनंद झालेला मी फार वेळा पाहिला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी मीही जायची. पाठीवर झाडं दाबायच्या फळ्या, हातात खुरपं, असा माणूस अहिवाऱ्याच्या बसमध्ये चढला की कंडक्टर मागे जागा करून द्यायचा. त्याने ह्यांचं नाव "घासवाले बाबू" ठेवलं होतं. चुनखडीच्या माळावर कुरडू मिळे, गोखरू मिळे. पुष्कळ काही मिळत नसे. झाडाच्या जागी खाणीचा खड्डा असे, आणि खड्डा इतका खोल असे की जागा तरी आता कुठे आहे, असं मनात येई.

जामुलची एक आठवण आहे. चिठ्ठीवर होतं: नाल्याकाठी, ओलसर गवतात. जमिनीवर उगवणारी एक लहान, हिरवट फुलांची आमरी, म्हणजे ऑर्किड. पावसाळा होता. नाला सापडला, त्याला आता सिमेंटच्या भिंती होत्या. गवताच्या जागी घरं होती. आम्ही एका घराच्या पायरीजवळ वाकून पाहत होतो, तेव्हा आतून एक बाई बाहेर आली.

"क्या गिर गया?"

"कुछ नहीं. यहाँ एक पौधा था," पती म्हणाले.

"कब?"

"साठेक साल पहले."

बाईने आमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे जरा वेगळं पाहिलं, जसं दवाखान्यात रुग्णाबरोबर आलेल्या माणसाकडे पाहतात. "चाय पियोगे?" तिने विचारलं. आम्ही चहा प्यायलो. तिने शेजारणीलाही बोलावून विचारलं, की इथे कुणी झाड पाहिलं का. शेजारीण म्हणाली, तुळस आहे, चालेल का.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी एक नवा जाड कागद घेतला. उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावली. लॅटिन नाव, जागा, तारीख आणि खाली: "शोधले. आढळले नाही." वर काहीच टाचलं नाही. कागद जुन्या आमरीच्या शेजारी ठेवला.

"हे काय?" मी विचारलं.

"गैरहजेरी. शाळेत मांडत नाहीत का?"

"एवढा मोठा कागद? चिठ्ठी पुरली असती."

"हजर असती तं एवढाच कागद लागला असता न. तिची जागा कावून कमी करायची?"

मग असे कागद वाढत गेले. ते म्हणत, संग्रहातला सगळ्यात टिकाऊ भाग हाच आहे. याला कसर लागत नाही, डांबरगोळी लागत नाही, बुरशी आली तरी बिघडायला काही नाही. हे ते थट्टेने म्हणत. पण कुणी वर आलंच, तर आधी जुना कागद दाखवत आणि मग तो कोरा. पाहुणा कोरा कागद उलटा करून पाही. मागेही काही नसे.

सुपरवायजर दर वर्षी निरीक्षणाला येत. नव्या आणलेल्या झाडांत थोडा हिरवेपणा शिल्लक असे. पहिल्या वर्षी त्यांनी लिहिलं, "स्थिति में सुधार।" पुढच्या वर्षी, "पुनः सूख गए।" त्यावर पुन्हा तोच आदेश निघे, पुन्हा बसचं भाडं मिळे. वर्षाला थोडं शेणखतही कक्षाच्या वाट्याला येई. ते आमच्या पेरूला जाई.

"बाबूजी, थोड़ा पानी देकर तो देखो," सुपरवायजर म्हणत.

"पानी दिया तो मर जाएँगे."

"अब और क्या मरेंगे, बाबूजी?"

यावर दोघं हसत आणि खाली बागेत चहा घेत. त्यांच्यात मैत्री होती असं मी म्हणणार नाही. पण अहवालाच्या दिवशी पती घरून डब्यात जास्तीचे धापोडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, न्यायचे.

आधी सासूबाई गेल्या. मग मी निवृत्त झाले. पतींना निवृत्तीनंतरही मानधनावर ठेवलं होतं, कारण किल्ली घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. आणि मग तो सोमवार आला.

संस्थेने शोकसभा घेतली. बोलणारे म्हणाले, त्यांचं झाडांवर प्रेम होतं, त्यांनी ही संस्था हिरवीगार केली. मी मान हलवली. आयुष्यभर ज्या माणसाने झाडं उपटून वाळवली, त्याच्या स्मरणार्थ बागेत अशोकाचं रोप लावण्यात आलं. ते उन्हाने गेलं. उद्यान विभागाने नियमाप्रमाणे त्याच जातीचं दुसरं लावलं. पतींच्या जागी मात्र कोणाची नेमणूक झाली नाही.

खोली बंद होती. उन्हाळा संपत आला आणि मला पावसाची काळजी लागली. दर वर्षी पावसाआधी ते प्रत्येक कागद काढून पाहत, गोळ्या बदलत, कपाटांच्या फटींना पट्ट्या लावत. एक पावसाळा हे झालं नाही की कसर आत शिरते आणि दोन पावसाळे झालं नाही की पाहायला काही राहत नाही. मी कार्यालयात अर्ज केला, की मी येऊन गोळ्या बदलते, विनामूल्य. उत्तर आलं, कोणत्या हैसियतीने. विधवेच्या, असं लिहिण्याचा मोह झाला, पण तसा रकाना नव्हता.

काही दिवसांनी बागेचे सुपरवायजर घरी आले. तेही आता थकले होते. हातात गुलाब होते, ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

"भाभी, मेरे नाम से लेटर निकला है," ते म्हणाले. "कक्ष खाली करना है. वहाँ फोटो खींचने का पॉइंट बनेगा, पीछे भट्टी वाला पर्दा. और सूखे पौधे बारिश के पहले खाद के गड्ढे में."

"कुणी ठरवलं?"

"मेरी ही रिपोर्ट लगाई है." त्यांचा आवाज खाली गेला. "मैं तो हर साल लिखता था, सूख गए, सूख गए. फेंकने को कभी किसी ने बोला ही नहीं."

पाऊस येईपर्यंत खताचा खड्डा आधीच भरलेला आहे असं कागदोपत्री दाखवण्याचं त्यांनी कबूल केलं. त्याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं.

मुलगी रायपूरला असते. तिला फोन केला. ती म्हणाली, "आई, छोड ना आता. बाबा नाहीत तर ते पत्ते किसके लिए?" तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. तिला माझी दगदग दिसत होती. मला ती आमरी दिसत होती, आणि तिच्या शेजारचा कागद. खड्ड्यात दोन्ही गेले असते, तर ती वनस्पती जामुलला होती हेही गेलं असतं आणि ती आता नाही हेही.

मी व्यवस्थापकांना भेटायला गेले. हे वर्ध्याकडचे, कार्यालयात हिंदी बोलणारे आणि दार लोटलं की मराठी. मला वहिनी म्हणत.

"वहिनी, माझा काही विरोध आहे का? भाऊंनी केलं ते चांगलंच केलं. पण मी काय करू? कागदोपत्री ती झाडं मेलेली आहेत."

"ती कागदावरच आहेत."

"तेच म्हणून राहिलो न मी."

मी म्हटलं, उद्यान विभागात मेलेलं झाड ठेवता येत नाही, मान्य. वाचनालयात ठेवता येईल. तिथे सगळंच वाळलेलं असतं. कागदावर चिकटवलेलं, क्रमाने लावलेलं, वर नाव, जागा आणि तारीख. डांबरगोळ्या तिथे दर वर्षी आणतातच.

"म्हणजे पुस्तकं म्हणता?"

"सुट्या पानांची."

ते हसू लागले. "पानं म्हणजे पानंच, वहिनी. हे हिंदीत नसतं जमलं." त्यांना ही कोटी इतकी आवडली, की त्यांनी बाजूच्या कारकुनाला बोलावून ती पत्ता आणि पन्ना असं करून समजावली. कारकून हसला नाही. त्याने एक अडचण काढली. वाचनालयाच्या नियमाप्रमाणे एका पुस्तकाची दुसरी प्रत ठेवत नाहीत आणि या संग्रहात तर सगळ्याच्याच दोन दोन प्रती दिसतात.

तो नियम माझाच होता. जागा कमी पडू लागली तेव्हा मीच तो करून घेतला होता आणि पुष्कळ वर्षं कडकपणे पाळला होता. मी म्हटलं, ही दुसरी प्रत नाही. दुसरी आवृत्ती आहे. झाड तेच, पण साल वेगळं आहे, मजकुरात फरक आहे. आवृत्त्या सगळ्या ठेवतात.

कारकुनाने व्यवस्थापकांकडे पाहिलं. व्यवस्थापकांनी सही केली. मी त्याच खुर्चीत बसून चहा प्यायले आणि बऱ्याच महिन्यांनी मला त्याची चव लागली.

कपाटं हलवायला आठवडा लागणार होता. मुलीचं एक छोटं ऑपरेशन होतं, म्हणून मी रायपूरला गेले. परत आले तेव्हा काम आटोपलं होतं आणि खूप व्यवस्थित आटोपलं होतं. त्याच कारकुनाने प्रत्येक कागद तपासून वेगळा केला होता. वनस्पती असलेले कागद वाचनालयात. रशियन गठ्ठेही तिथेच, त्यांच्याबद्दल तर कुणाला शंकाच आली नव्हती, कारण ती छापील वर्तमानपत्रं होती. वनस्पती नसलेले कागद, म्हणजे कागद. जाड, स्वच्छ, एका बाजूने नव्हे तर दोन्ही बाजूंनी कोरे. ते शाळेच्या भांडारात जमा झाले होते आणि तिथून चित्रकलेच्या वर्गात गेले होते.

मी शाळेत गेले. चित्रकलेच्या बाईंनी खुर्ची दिली.

"दीदी, इतना अच्छा कागज कहाँ मिलता है आजकल," त्या म्हणाल्या. "रंग फैलता ही नहीं." पर्यावरण दिनाची स्पर्धा नुकतीच झाली होती. विषय होता, हमारी हरियाली. मुलांनी सगळे कागद वापरले होते.

मी कोपऱ्यातल्या चिठ्ठ्यांबद्दल विचारलं.

"हाँ, वो तो बहुत काम आए. बच्चों ने उसी के नीचे नाम और कक्षा लिख दी."

त्यांचा काही दोष नव्हता, आणि मुलांचा तर नाहीच. मी त्यांना ते कागद काय होते ते सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि बक्षीस मिळालेली चित्रं सोडून बाकीची सगळी गोळा करून मला दिली. बक्षिसाची शाळेच्या ओवरीत काचेत लावली आहेत. ती काढून मागणं मला बरं दिसलं नाही.

पाऊस सुरू झाला आहे. वाचनालयाने मला शनिवारी येऊ द्यायचं ठरवलं आहे, "पूर्व ग्रंथपाल" या हैसियतीने. मी गोळ्या बदलते, फटींना पट्ट्या लावते. आतापर्यंत कसर आढळलेली नाही.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाच लोखंडी कपाटं आहेत. चारांत वनस्पती आहेत. पाचव्यात मुलांची चित्रं आहेत, मी ती जागांप्रमाणे लावली आहेत. जामुलच्या चित्रात एक घर, एक सूर्य आणि एक झाड आहे. झाडाची जात ओळखता येत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात माझ्या पतींच्या अक्षरात जागा आणि तारीख आहे.